अंधार मोजणारं झाड

१८ मे २०२५

कृपादानदादा,

सलाम.

याआधीची दोन पत्रं 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. हे तिसरं. परत करायचं असेल तर कर, पण आधी वाच. जेलमधले साहेब पत्र फोडून वाचतातच, म्हणजे तू नाही वाचलंस तरी कुणीतरी वाचलेलं असणार. मग तूच का नको?

मला नोकरी लागली. कुठं, ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. अकोले गावाच्या पलीकडं, घाटमाथ्याजवळ एका औषध कंपनीचं पॉलिहाऊस आहे. एकदा पाऊस लागला की चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत अशी जागा. पूर्वी तिथं ऑर्किडची फुलं व्हायची. आता सरकारी परवान्यावर, संशोधनासाठी, गांजाचं झाड वाढवतात. फिट येणाऱ्या लेकरांना त्याच्यातून औषध करता येईल का, आणि अशा दमट हवेत कुठला वाण तग धरतो, ते बघायचं आहे. दोन कुंपणं, गेटवर पोलीस, जागोजागी कॅमेरे. प्रत्येक रोपाच्या गळ्यात नंबर. गळालेलं पानसुद्धा सीलबंद पिशवीत जातं.

होय दादा, तेच झाड. तुझ्या टेम्पोत लिंबाच्या क्रेटखाली ज्याची पोती मिरजगावजवळ सापडली आणि तुला दहा वर्षं लागली, तेच. शेतकीचं एवढं शिकून मी शेवटी त्याच्याच राखणीला आले. आईला मी 'औषधी वनस्पती' एवढंच सांगितलंय.

आज बी लावलं. ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं, करडं, वर तितराच्या अंड्यासारखी नक्षी. हातावर घेतलं तर वजनच लागेना. मी बराच वेळ ते तळहातावर धरून उभी होते.

नोकरीच्या फॉर्मवर एक रकाना होता. तो मी कसा भरला ते आज लिहीत नाही.

तुझी
आराधना


६ जुलै २०२५

दादा,

पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. मी ते चांगलंच धरते.

इथं दोन वाण आहेत. एक बुटका, पान हाताच्या पंजाएवढं रुंद, अंगानं भरलेला. दुसरा उंच, सॅटिव्हा नावाच्या जातीकडं झुकणारा. त्याची पानं अशी बारीक की सावलीसुद्धा धड पडत नाही. बुटक्याकडं बघून सगळे खूश होतात, कारण तो लवकर पिकतो. उंच वाणाला फुलून पिकायला जवळजवळ चार महिने लागतात. आमचे प्रमुख राधाकृष्ण सर फार बोलत नाहीत. पण रोज सकाळी ते आधी त्या उंच वाणाच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

माझ्याबरोबर बायडाबाई आहेत, इथल्याच वाडीच्या. ऑर्किडच्या वेळेपासून पंधरा वर्षं या छपराखाली काम करतायत. नर झाडं ओळखून काढायला मला भिंग लागतं. त्या नुसत्या बोटानं चाचपून सांगतात. परवा शेवटचा नर काढला आणि म्हणाल्या, "गेले सगळे बाप्ये. आता बायकांचं राज्य हाय."

आता तुला एक गोष्ट सांगते. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर निराळंच वाटलं. हे झाड अंधार मोजतं. ऊन नाही, पाऊस नाही, अंधार. रोज बारा तास अखंड काळोख मिळाला की ते समजतं की वर्ष उतरणीला लागलं, आता फुलायला हवं. म्हणून आम्ही संध्याकाळी सहाला अख्ख्या पॉलिहाऊसवर काळं कापड ओढतो आणि सकाळी सहाला काढतो. दहा दिवसांत सगळ्या रांगा फुलावर आल्या. फक्त कोपऱ्यातली चार झाडं नाही. खत तेच, पाणी तेच. सर दोन दिवस विचार करत होते. शेवटी बायडाबाईंनी शोधलं. पंपाच्या पेटीवर एक हिरवा दिवा आहे, मोहरीएवढा. त्या चार झाडांना तो दिसत होता. त्याच्यावर काळी पट्टी चिकटवली आणि आठवड्याभरात चारही फुलली.

बायडाबाईंनी मला विचारलं, "याला डोळं कुठं असत्याल?"

मी म्हणाले, "पानभर."

त्यांनी पदर सावरला आणि त्या झाडासमोर जरा नीट उभ्या राहिल्या, कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस राहतं तशा.

आराधना


३ ऑगस्ट २०२५

दादा,

उंच वाणानं गेल्या महिन्यात काय केलं ते सांगितलं तर तू म्हणशील फेकतेय. फुलावर आल्यावर झाडं वाढायची थांबतात ना? हे दुपटीनं वाढलं. रोज चार बोटं. सकाळी मी शेंड्याला दोरा बांधते, दुसऱ्या दिवशी दोरा खाली राहिलेला असतो. माझ्या डोक्याच्या वर गेलं, मग सरांच्या, मग बायडाबाईंनी हात उंच केला तरी पुरेना. आता शिडी लागते.

फूल म्हणजे तू वाढवायचास त्या जरबेरासारखं नाही. पाकळ्या नाहीत, रंग नाही. पांढऱ्या केसांचे झुपके, विरळ, लांब, एकावर एक. भिंगाखाली धरलं तर प्रत्येक केसाच्या बुडाशी काचेचे खांब दिसतात, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर मधाचा थेंब. एका नखाएवढ्या जागेत हजारो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा भिंग सरांकडं द्यायलाच विसरले. वासात आधी आंबट कैरी येते, मग ओली माती, मग मिरी.

नर नाहीत, म्हणजे पराग येणार नाही. झाडाला ते माहीत नाही. परागाची वाट बघत ते आणखी केस काढतं, आणखी चिकट होतं. औषध त्या चिकातच असतं.

वाट बघण्याचा विषय निघाला आहे तर लिहूनच टाकते. त्या दिवशी तू कोर्टात म्हणालास, 'माझी बहीण येतेय, जरा थांबा.' वकिलांनी मला नंतर सांगितलं. दुपारपर्यंत थांबले सगळे. दादा, मी आले होते. कोर्टाच्या आवाराबाहेर रसवंतीच्या मागं उभी होते, साडेदहापासून. मला आत येऊन शपथेवर एकच वाक्य बोलायचं होतं, 'माझ्या भावाला पोत्यात काय आहे ते माहीत नव्हतं.' ते वाक्य मी रिक्षात बसून पाठ केलं होतं. तोंडातून निघेना.

तुला पकडलं त्याच्या आदल्या रविवारी जेवताना आपण दोघं काय बोललो, ते तुला माहीत आहे आणि मला. अपील चालू आहे, म्हणून मी ते कागदावर लिहिणार नाही. एवढंही लिहायला नको होतं.

आराधना


२२ ऑगस्ट २०२५

दादा,

एकोणीस दिवस ऊन नाही. डोंगर दिसत नाही, गेटवरचा पोलीस दिसत नाही, फक्त त्याची शिट्टी ऐकू येते. माझ्या चपलांवर बुरशी आली.

बुटक्या वाणाची सगळी रांग गेली. वरून फूल कसं टंच, हिरवंगार दिसत होतं. मी सहज दाबलं तर बोट आत गेलं. आत करडी राख भरावी तशी बुरशी. इतकं घट्ट फूल की एकदा पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नाही. बायडाबाईंनी दोन दिवसांत सगळी रांग कापून दिली.

उंच वाण उभा आहे. त्याची फुलं विरळ, वारा आरपार जातो, म्हणून वाचला. सर म्हणाले, "याच्यासाठीच आलो आपण." पण काल त्याच्यावरही पहिले तीन डाग दिसले. बारा तास काळं कापड ओढलेलं असतं, आतली ओल आतच कोंडते. पंखे तीच ओली हवा फिरवतात. कापड उघडावं तर अंधार मोडतो. अंधार मोडला तर झाड गोंधळतं आणि दोन महिन्यांचं फूल वाया जातं. हाही वाण गेला तर कंपनी काम बंद करणार, आणि इथं कामाला येणाऱ्या वाडीच्या चौदा बायका पुन्हा दुसऱ्याच्या भातलावणीला.

तुझ्याकडं काही मागत नाही. आठ वर्षं तू राहात्याच्या त्या जरबेराच्या पॉलिहाऊसमध्ये काढलीस. मालकानं ते विकलं नसतं तर तू टेम्पो घेतलाच नसतास. तिथं असा पाऊस लागला की तू काय करायचास, ते मला आठवतच नाही. तेव्हा मी कधी विचारलं नाही.

आराधना


२९ ऑगस्ट २०२५

आराधना,

वरून पानी पडत न्हाई, छपराचं दव पडतंय. सकाळी पयलं ऊन लागलं, ढगाआडचं का असंना, की पलास्टिकला आतून थेंब धरत्यात आन् फुलावर गळत्यात. म्हनून हवा उन्हाआधी काढायची. ऊन आल्यावर उघडून उपेग न्हाई.

अंधाराचं सोपं हाय. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. दाराला दोन पडदे असायचे, एक डाव्या अंगाचा, एक उजव्या, मधी हातभर बोळ. मानूस वळून आत जायचं. पिच्चर चालू असताना कितीबी मानसं आली तरी उजेड आत यायचा न्हाई. उजेडाला वळता येत न्हाई. हवेला येतं. तसे दुहेरी पडदे कर, चारी बाजूंनी, वर छपराच्या खिडकीलाबी. आतलं अंग काळं पायजे.

खालची पानं गुडघ्यापर्यंत काढून टाक. सडकं फूल कापायच्या आधी त्याला पिशवी घाल, नायतर कापताना बुरशी सगळीकडं उडती. कात्री दर झाडाला पुसायची.

कृपादान


१६ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझ्या पत्रात ख्यालीखुशालीचा एक शब्द नव्हता. मी ते अकरा वेळा वाचलं.

जुन्या ऑर्किडच्या वेळचं काळं कापड गोदामात होतं. बायडाबाई आणि वाडीच्या बायकांनी चार दिवसांत दुहेरी पडदे शिवले. बोळ हातभरच ठेवला, त्यांनी स्वतःचा हात घालून मोजला. पाचव्या दिवशी सकाळी सहाच्या आधी मी आत गेले. आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात वारा. दादा, त्या छपराखाली मी पहिल्यांदा वारा अनुभवला. दिसत काही नव्हतं, पण शंभर झाडं पानं हलवत होती. लांबून नदी ऐकू यावी तसा आवाज. बायडाबाई माझ्या शेजारी कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. म्हणाल्या, "श्वास घ्यायला लागली."

सहाला कापड काढलं. प्लास्टिक कोरडं होतं. डाग तिथंच थांबले. आठवडा झाला, नवा एकही नाही.

सरांनी मला बोलावलं. विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

"माझ्या भावाची."

"काय करतात ते?"

'जरबेराच्या पॉलिहाऊसमध्ये होते' एवढं म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. वाक्य तयारही होतं. पण ते पडदे बघून आल्यावर तुझं नाव अर्धवट सांगणं मला जमेना. मी म्हणाले, "जेलमध्ये आहे, सर. गांजा वाहून नेताना सापडला. दहा वर्षं लागलीत."

सरांनी चष्मा काढला. "फॉर्मवर घरातल्यांच्या गुन्ह्याचा रकाना होता."

"मी कोरा सोडला."

"का?"

"लाज वाटली."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "मला हे परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवावं लागेल. तोवर तुम्ही आत जायचं नाही. किल्ली द्या."

मी दिली. दारापर्यंत आल्यावर त्यांनी हाक मारली. "आराधनाबाई, तुमच्या भावाला लिहा. बावीस वर्षं मी हरितगृहं बघतोय. मला हे सुचलं नसतं."

म्हणून लिहितेय.

आता मी गेटजवळच्या खोलीत बसून तापमानाचे आकडे भरते. बायडाबाई रोज संध्याकाळी खिडकीशी येतात आणि झाडाचं सांगतात. आज म्हणाल्या, केस तांबूस व्हायला लागले. मी डोळे मिटून ऐकते.

आराधना


२५ सप्टेंबर २०२५

आरू,

साहेब वाचत्यात ते मला ठाव हाय. म्हनूनच लिहितो.

पोत्यात काय हाय ते मला माहीत हुतं. त्या रविवारी जेवताना मी तुला सांगितलं. तू ताट सारलंस आन् जाऊ नको म्हनलीस. मी म्हनलो, एकच फेरी. हे सगळं खरं हाय. वकिलाला कळवलंय, अपिलातनं ते 'माहीत नव्हतं' काढून टाका म्हनून. तो म्हनला, मग राहतं काय? मी म्हनलो, काय राहील ते राहील.

तू आली न्हाईस म्हनून दोन वर्षं मी तुला मनातनं शिव्या घातल्या. तुला कशासाठी उभं करत हुतो ते मला तवाच कळत हुतं. कळत हुतं म्हनूनच जास्त राग आला. तुझी किल्ली गेल्याचं वाचलं त्याच दिवशी वकिलाला लिवलं.

एक विचारायचं हाय. मी ते फक्त वाळलेलं, दाबून ठोकळा केलेलं बघितलंय. कधी पोतं उघडूनबी नीट बघितलं न्हाई. ज्याच्यापायी इथं आलो ते जितं कसं असतं? तू पान लिवलंस, फूल लिवलंस. त्याच्याम्होरं उभं राहिल्यावर मानसाला काय हुतं ते लिवलं न्हाईस.

भेटायला ये. आईला घेऊन ये.

कृपादान


१९ ऑक्टोबर २०२५

दादा,

परवाच्या भेटीची वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. त्यातली पहिली दहा तर आई काचेजवळचा फोन कानाला लावून नुसती रडत होती. म्हणून राहिलेलं लिहिते. आईला वाटेतच मी कुठलं झाड ते सांगून टाकलं होतं.

माझी चौकशी झाली. परवाना कार्यालयातून एक बाई आल्या होत्या, कडक पण शांत. त्यांनी सगळं लिहून घेतलं. या हंगामापुरतं माझं नाव आतल्या यादीतून कमी केलं. पुढच्या वर्षी नवा फॉर्म भरायचा, सगळे रकाने भरायचे, मग ते ठरवतील. घेतील की नाही, सर सांगू शकत नाहीत. कंपनी मात्र काम बंद करणार नाही. पुढच्या वर्षी तोच उंच वाण दुप्पट लावायचा, असं ठरलं. पडदेही तसेच राहणार.

कापणीच्या सकाळी सरांनी देखरेखीला आलेल्या त्या बाईंना विचारलं, "हिला पाच मिनिटं दारातून बघू द्या. हात लावणार नाही." बाईंनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

महिनाभर मी फक्त ऐकत होते, त्यामुळं मला वाटलं होतं, मला ठाऊक आहे काय दिसणार. दारात उभी राहिले आणि काहीच ठाऊक नव्हतं. झाडं छपराच्या पन्हाळीला टेकायला आली होती. खालून वरपर्यंत फुलं, तांबडी, सोनेरी, काही जांभळटसुद्धा. त्यांच्या वजनानं फांद्या वाकून दाराकडं आल्या होत्या. नुकतं धुकं फाटलं होतं आणि ऊन मागून येत होतं, त्यामुळं प्रत्येक फुलाच्या कडेला तो चीक चमकत होता, जिकडं बघावं तिकडं. कात्र्या घेतलेल्या चौदा बायका रांगेत उभ्या होत्या, पण कुणी हात उचलत नव्हतं. शेवटी बायडाबाईंनी झाडाच्या बुडाशी हात टेकवला, कपाळाला लावला आणि मग कापायला सुरुवात केली.

माणसाला काय होतं, असं तू विचारलं होतंस. मला लहान वाटलं. त्याचं वाईट वाटलं नाही. इतक्या वर्षांत आपल्या घरानं त्या झाडाचं नाव नुसतं खालच्या आवाजात घेतलं, आणि ते मात्र आपलं आपण, कुणाचं काही न घेता, अंधार मोजत एवढं वर गेलं होतं. मला आणखी नीट सांगता येत नाही. परवा काचेपलीकडून तू पुन्हा तेच विचारलंस, तेव्हाही माझ्या तोंडून एवढंच निघालं, "फार मोठं असतं दादा."

तू विचारलंस, "किती?"

मी म्हणाले, "साडेअकरा फूट."

तू फोन खाली ठेवून स्टुलावरून उठलास. हात सरळ वर केलास, टाचा उचलल्यास, आणि हाताच्याही वर, तिथं छताखाली, कुठंवर येईल ते बघत राहिलास. आईनं डोळे पुसले आणि तीही वर बघायला लागली. तुला दिसलं नाही म्हणून लिहिते. तुझ्या मागं दाराशी उभा असलेला तो शिपाई, जो आम्ही आत आल्यापासून एकदाही हलला नव्हता, त्यानं तुझ्या हाताकडं बघितलं, मग तू बघत होतास तिकडं मान वर केली, आणि वेळ संपल्याची घंटा होऊन गेली तरी तो तसाच वर बघत होता.

तुझी
आरू